शनिवारचं पाणी

"आजी, पाइप सोडा."

"सोडते की," केरेसिया म्हणाली आणि तिनं दुसरा हातही पाइपावर नेला.

पाणी तिच्या छातीपर्यंत आलं होतं. अंगातला घागरा फुगून कमरेभोवती वर तरंगत होता. तो खाली दाबायचा तर एक हात मोकळा हवा, आणि हात मोकळा करायचा तर तलावाच्या काठाचा पाइप सोडायला हवा. बाकीच्या बायका आखूड विजारी आणि टी-शर्ट घालून उतरत. केरेसियानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की तिच्या मांड्या तिच्या नवऱ्यानंसुद्धा कधी उजेडात पाहिल्या नव्हत्या आणि तो बिचारा आता वारला. त्यावर बायका पोट धरून हसल्या होत्या. ती हसली नव्हती.

"डावा पाय वर घ्या," व्यायाम घेणाऱ्या मिस मुचेना काठावरून म्हणाल्या. "जोर लावू नका. पाणी उचलेल त्याला."

"पाण्याला सांगा तसं. ते ऐकत नाहीये."

मिस मुचेनांचा स्वभाव इतका गोड होता, की त्यांच्यावर रागावताही येत नसे, आणि हा केरेसियाला आणखी एक ताप होता. तिनं दात आवळून पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय वीतभर पुढं गेला आणि तिथंच अडला. दुसऱ्या कुणाचा पाय चुकून आपल्याला लावलाय, असं तिला वाटलं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला होंडे खोऱ्यातल्या आपल्या केळीच्या बागेत ती घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं. मुटारे शहरातल्या इस्पितळात आत सळई घातली, हाड जुळलं, पण पाय वळेना. डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यात व्यायाम करा. थंडी पडायच्या आत पाय सुटला तर सुटला, नाहीतर मग आहे तो असाच राहील. तिचं घर उतारावर, वाट म्हणजे नुसते मातीत कोरलेले खाचे. असा पाय घेऊन तिथं चढता येणार नव्हतं. म्हणजे उरलेलं आयुष्य मुटारेत, मुलीकडे. मुलीकडे म्हणजे जावयाच्या घरात. सासूनं जावयाच्या छपराखाली दोन रात्रींपेक्षा जास्त झोपावं, हे तिच्या गावात कुणी ऐकलंसुद्धा नसेल. इथं तर मोजायचं तिनं सोडून दिलं होतं.

आणि जे एकच औषध होतं, ते आठवड्यातून एकदाच मिळत होतं. तलाव मिशनच्या शाळेचा. एरवी तो तिथल्या मुलांचा, फक्त शनिवारी सकाळी सगळ्यांसाठी खुला, तोही थंडी पडेपर्यंतच. सगळ्यांसाठी म्हणजे गुडघे गेलेल्या बायका, आंधळे मान्वेरे आजोबा, एका पायाचा शिंपी, आणि जन्मापासून हातपाय वेडेवाकडे वळणारी रुन्यारारो. ही रुन्यारारो विशीतली. जमिनीवर चाकाच्या खुर्चीतून उठता येत नसे, पण पाण्यात पाठीवर पडली की तासभर ढगांकडे बघत तरंगायची. केरेसियाला तिचा हेवा वाटे, आणि त्या हेव्याची लाजही वाटे.

"चला, गोल करू," मिस मुचेनांनी टाळी वाजवली.

हा प्रकार केरेसियाला मुळीच पटत नसे. सगळ्यांनी तलावाच्या मधोमध रिंगण करून एकामागं एक चालायचं. चालता चालता पाणीही आपल्याबरोबर फिरायला लागतं, आणि मग तेच आपल्याला पुढं ढकलतं, असं मिस मुचेनांचं म्हणणं. एक बाई एका हातानं केरेसियाला धरून चालवू लागली. मान्वेरे आजोबा पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालले. रिंगण दोनदा फिरलं, तिसऱ्यांदा रेंगाळलं आणि मोडलं. पाणी जागचं हललं नाही.

"हे नाही जमायचं," मान्वेरे आजोबा धापा टाकत म्हणाले. "टोंगाय होता तेव्हा काय फिरायचं पाणी. मला तर पाय उचलावेच लागत नसत."

"कोण टोंगाय?" केरेसियानं विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं डोक्यावरचं फडकं उगाचच सारखं केलं. पाठीवर तरंगणाऱ्या रुन्यारारोला ते दिसलं नाही, किंवा दिसूनही तिनं पर्वा केली नाही. ती बोले सावकाश, एकेक शब्द ओढत, पण भीडभाड न ठेवता.

"तुमचाच जावई की, आजी. दर शनिवारी यायचा. आमच्या सगळ्यांत तोच दमदार. तुम्ही आलात आणि तो गेला. आमचा तर बाई तोटाच झाला."

केरेसियानं पाइप धरला. या वेळी कुणी तिला तो सोडायला सांगितलं नाही.

परत जाताना टॅक्सीत ती तेच मनात घोळवत राहिली. टोंगाय बैरा बंदराच्या रस्त्यावर मालाचा ट्रक चालवायचा. गेल्या वर्षी घाटात ट्रक उलटला, पाठीला मार बसला, एक पाय बधिर झाला, हे तिला ठाऊक होतं. पण आता सगळं ठीक आहे, थोड्याच दिवसांत पुन्हा ट्रकवर जायचंय, असं तो म्हणे, आणि जावई म्हणतो त्यावर सासूनं उलट प्रश्न विचारायचा नसतो. आई शनिवारी तलावावर जाणार, असं मुलीनं, शुवायनं, त्याला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तो उठून अंगणात गेला होता. त्यानंतर त्यानं एकदाही विचारलं नव्हतं, की पाय कसा आहे, पाणी मानवतंय का. केरेसियानं त्याचा अर्थ लावला होता. माणसाला आपलं राहणं जड झालंय, टॅक्सीचं भाडं खुपतंय. सासू म्हणून तोंडावर बोलत नाही, एवढंच. हा राग तिनं कितीतरी आठवडे जपून ठेवला होता, आणि आता तो कुठं ठेवायचा हेच तिला कळेना.

घर तीन खोल्यांचं. त्यात एक लंगडणारी सासू आणि एक लंगडणारा जावई एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून दिवसभर धडपडत. तो मधल्या बोळातून येण्याआधी खोकायचा, ती काठी आपटायची. तो बाहेर असला की ती आंघोळ उरकायची. एका ताटात जेवण नाही, एका बाकावर बसणं नाही, हाताला हात लागणं तर नाहीच. आणि रोज सकाळी तो तिच्या दाराशी येऊन रीतीप्रमाणे उकिडवा बसायचा, तळहात जुळवून सावकाश टाळ्या वाजवायचा आणि मान खाली घालून विचारायचा, "अंबुया, रात्री झोप लागली का?" सासूला सगळे जावई अंबुयाच म्हणतात. तीही ओंजळीसारखे हात करून टाळी वाजवायची, म्हणायची, "तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली, मुक्वाशा." मुक्वाशा म्हणजे जावई. त्यापलीकडे त्यांचं थेट बोलणं नव्हतं. बाकी सगळं शुवायच्या तोंडून.

अलीकडे त्याला उठायला वेळ लागत असे. दाराची चौकट धरल्याचा आवाज येई, मग एक दाबलेला श्वास. केरेसिया भिंतीकडे बघत बसे. नका बसू उकिडवे, असं म्हणायचं रोज तिच्या जिभेवर येई, पण जावयाला मान देऊ नको म्हणून सांगणारी सासू अजून जन्मायची होती.

त्या दुपारी शुवाय बेकरीतून कामावरून आली आणि चुलीवर मक्याच्या पिठाचा साद्झा घोटायला लागली, तेव्हा केरेसिया स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. भिंतीपलीकडे पुढच्या खोलीत टोंगाय रेडिओ ऐकत होता. भिंत प्लायवूडची. पलीकडे कुणी कूस बदलली तरी इकडे कळायचं.

"त्यांना सांग," केरेसिया म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी जाणार नाही. त्यांनी जावं."

शुवायचा हात थांबला. भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"ज्यांना माझ्यापेक्षा तेच हवेत, त्यांनी. तू नाही सांगितलंस."

"त्यांनी शपथ घातली होती, आई."

"अंबुयांना सांग," पलीकडून टोंगायचा आवाज आला, "मी बरा आहे. मला पाण्याची गरज उरली नाही."

"त्यांना सांग, बऱ्या माणसाला चौकट धरून उठावं लागत नाही."

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

"अंबुयांना सांग, चौकट जुनी झालीय. हलतेय का ते बघत होतो."

"त्यांना सांग, रोज सकाळी?"

"अंबुयांना सांग..."

शुवायनं घोटायचं लाकडी उलथनं पातेल्यावर आपटलं. "मी कुणालाही काहीही सांगणार नाही. माझी जीभ झिजली. एक म्हणते त्यांनी जावं, एक म्हणतात तिनं जावं, आणि मध्ये तलाव बंद होईल. मग बसा दोघं दोन खुर्च्यांत, मी दोघांना भरवते. एक शनिवार तुझा, एक त्यांचा, असं मी मिस मुचेनांना विचारून आलेय. त्या म्हणाल्या, आठवड्यातून एकदा हेच कमी पडतंय, त्याचंही अर्धं केलं तर दोघांनी घरीच बसलेलं बरं."

"मग दोघांनी एकदम उतरायचं?" केरेसियानं विचारलं. तिचा आवाज चढला. "सासू आणि जावई? अंगाला ओली कापडं चिकटलेली असताना? लाज कुठं ठेवू मी, खुंटीला?"

 चुलीकडे तोंड करून शुवाय रडत होती, आणि रडता रडता घोटत होती, कारण साद्झा कुणासाठी थांबत नाही. केरेसियाला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. त्यासाठी उठावं लागलं असतं, आणि उठायला काठी हवी होती, आणि काठी दाराशी होती. स्वतःच्या पायाचा तिला इतका संताप आला, की तिनं मांडीवर मूठ मारली.

"न्याकुड्यांना फोन लाव," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"आत्ता? कशाला?"

"लाव म्हणते ना."

न्याकुड्या म्हणजे शुवायच्या लग्नातले मध्यस्थ. दोन्ही घरांमध्ये निरोपांची ने-आण करून, दोघांच्याही शिव्या खाऊन ज्यांनी हे लग्न जुळवलं होतं, ते. सासू-जावयामध्ये काही अडलं तर वाट त्यांनीच काढायची. ते आता फार थकले होते आणि त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे सगळी हकीकत शुवायला ओरडून सांगावी लागली. शेजारच्या दोन घरांनीही ती ऐकली.

"तलाव म्हणजे केवढा?" न्याकुड्यांनी विचारलं.

शुवायनं सांगितलं.

"मग त्यात एवढं काय? आपल्या नदीवर कसं असतं? बायका वरच्या डोहात, पुरुष खालच्या. सासू वर असते, जावई खाली असतो, पाणी तेच असतं. आजवर कुणी मेलंय का? मध्ये काहीतरी बांधा, पाठी फिरवा, आणि मला झोपू द्या."

फोन बंद झाला. भिंतीपलीकडे टोंगाय खोकला, म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. मध्यस्थानं दिलेला निवाडा मोडायचा नसतो. त्यामुळे आता दोघांपैकी कुणालाच नाही म्हणता येईना, आणि त्याबद्दल दोघंही घुश्श्यात होती.

शनिवारी टॅक्सीत टोंगाय पुढं बसला, केरेसिया शुवायबरोबर मागं, आणि वाटभर सासू-जावई दोघं आपापल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मिस मुचेनांनी तलावावर आडवी दोरी बांधली होती. हे सगळं त्यांना हास्यास्पद वाटत असावं, पण त्यांनी गाठी घट्ट मारल्या होत्या. केरेसियानं त्या दिवशी घागऱ्याखाली शुवायची काळी विजार घातली होती, वर बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट फडकं. ती आपल्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरली आणि दोरीकडे पाठ करून उभी राहिली. मागं पाण्याचा आवाज झाला. तो उतरला होता.

आवाज थांबला. पाठीमागे काय चाललंय ते तिला कळेना, आणि वळून तर बघता येईना.

"आजी," शेजारी तरंगणारी रुन्यारारो म्हणाली, "तो तुम्हाला मुजरा करतोय. हनुवटीपर्यंत पाण्यात बसलाय. टाळ्या वाजवतोय, पण हात पाण्याखाली आहेत."

"उठला का?" केरेसियानं विचारलं.

"उठला."

"कशाला धरून?"

"कशालाच नाही."

केरेसियानं समोरच्या काठाकडे बघत हातांची ओंजळ केली आणि टाळी वाजवली. पाणी उडून तिच्या तोंडावर आलं. ते तिनं पुसलं नाही, म्हणजे त्यात डोळ्यांतलं पाणी असलं तरी कुणाला कळू नये.

अर्धा तास असाच गेला. तिचा पाय त्याच वीतभर जागेत अडत राहिला. मिस मुचेना आल्या, त्यांनी फोमची नळी गुडघ्याखाली दिली, ती सटकून वर उडाली. पुन्हा दिली, पुन्हा उडाली. केरेसिया तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागली, आणि ते काही प्रार्थनेचं नव्हतं. थंडी पडायच्या आत यापुढं फक्त दोन शनिवार उरले होते. आजचा असाच गेला, तर पुढचेही असेच जाणार. आपलं गावचं घर आपण आता पुन्हा पाहत नाही, हे तिला पहिल्यांदा अगदी स्वच्छ कळलं.

"गोल करू," मिस मुचेना म्हणाल्या, आणि त्यांनी दोरी सोडली.

"दोरी का सोडता?" केरेसिया ओरडली.

"रिंगणाला अख्खा तलाव लागतो, आजी. दोरी मध्ये आली तर फिरायचं कसं?"

न्याकुड्यांच्या निवाड्यात रिंगण नव्हतं. नदीला वरची बाजू असते, खालची असते. रिंगणात कोण वर आणि कोण खाली? केरेसियानं जागा शोधली. टोंगाय जिथं होता त्याच्या बरोबर समोर, म्हणजे दोघांमध्ये दोन्हीकडून सारखीच माणसं. त्यानंही तोच हिशेब केला असावा, कारण ती सरकली तसा तोही सरकला. त्याचा चेहरा तिनं पाहिला नाही. फक्त लांब बाह्यांचा निळा शर्ट दिसला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

रिंगण चाललं. पहिला फेरा नेहमीसारखाच, ढकलाढकलीचा. दुसऱ्यात पाण्याला थोडी ओढ आली. तिसऱ्या फेऱ्यात केरेसियाच्या पोटऱ्यांमागून काहीतरी येऊन टेकलं, आणि डावा पाय तिनं न सांगता पुढं पडला. वीतभर नाही, चांगला हातभर. ती दचकली. पुन्हा तसंच झालं. घागरा आता वर फुगत नव्हता, अंगाला लपेटून तिच्या पुढं पुढं वाहत होता. तिला धरून चालणाऱ्या बाईचा हात तिनं कधी सोडला, ते तिला कळलं नाही.

"बघा, बघा," मान्वेरे आजोबा म्हणत होते. "आलं की नाही पाणी?"

पण ते लवकरच दमले. त्यांना शिंप्यानं काठाशी नेलं. गुडघेवाल्या बायका एकेक करून बाजूला झाल्या, हसत, धापा टाकत. केरेसिया थांबली नाही. खुब्यात दुखत होतं, पण ते काहीतरी सुटत असल्याचं दुखणं होतं. घरची वाट तिच्या डोळ्यांपुढं होती, एकेक खाचा, आणि प्रत्येकावर डावा पाय.

मग पाणी मंदावलं. पोटऱ्यांमागचा रेटा गेला, पाय जड झाला, पाऊल पुन्हा वीतभरावर आलं. तिनं कडेला नजर टाकली. काठाशी सगळी माणसं उभी होती, पाइपाला टेकून. म्हणजे रिंगणात तिच्याशिवाय एकच माणूस उरला होता. दोघांमध्ये मोकळं पाणी होतं, दुसरं कुणीही नाही, म्हणून तो जागच्या जागी थांबला होता. पुढं टाकलेलं प्रत्येक पाऊल त्याला सासूच्या जवळ नेणार होतं.

"छान झालं," मिस मुचेना म्हणाल्या. "आता विश्रांती घेऊ या."

केरेसिया तशीच उभी राहिली. रीत काय सांगते ते तिला पाठ होतं. अशा वेळी मोठ्या माणसानं डोक्यावरचं फडकं पुढं ओढून बाजूला व्हायचं, म्हणजे धाकट्याची अडचण होत नाही. काठ दोन हातांवर होता. काठाशी उभ्या असलेल्या शुवायनं पुढं होऊन आईसाठी टॉवेल उघडून धरला.

लग्न झाल्यापासून केरेसियानं जावयाकडे काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही.

"मुक्वाशा," ती समोर बघत म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "थांबू नका. चाला. मी पुढंच बघतेय."

 टॉवेल धरलेले शुवायचे हात हळूहळू खाली आले.

जरा वेळानं मागून पाणी आलं, आणि तिनं पाय उचलला.